शामकलाबाईची मिरची आणि भासऱ्याची गाय

आमच्याकडे धान घरी आलं की ढोरं मोकळी सुटतात. दवनीवाड्याच्या पुढे आमचं गाव, आणि आसपासच्या गावांतही हीच रीत. पावसाळाभर ढोरं राखणारा गायकी काठी कोपऱ्यात ठेवतो आणि मग कुणाचीही गाय कुणाच्याही बांधीत चरते. बांधी म्हणजे चहूकडून मातीचे धुरे, म्हणजे बांध, घातलेलं धानाचं खाचर. कुणी कुणाला बोलत नाही, कारण बांधीत तेव्हा धसकटांशिवाय असतं काय? मलाही ही रीत चांगलीच वाटायची. पण मग शामकलाबाईनं बांधीत सिमला मिरची लावली.

शामकलाबाई माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत आहे आणि माझं निम्मं आयुष्य त्या भिंतीवर रेलून गेलं, हे मी कबूल करते. तिचं माहेर बोदलकशाकडचं, तिकडे तिचा भाऊ भाजीपाला करतो. "एक धान काढाचं नि मंग उन्हाळ्यापावतर नाटकं पाहत हिंडाचं, हे काय शेतकऱ्याचं लक्षण होय?" असं ती नळावर सगळ्यांसमोर बोलायची. ऐकणाऱ्या बायांचे नवरे नेमके तेच करत असायचे. माझाही करायचा, म्हणून मी हसायची.

पहिल्या वर्षी तिनं घरामागच्या खोलगट बांधीत रोपं लावली आणि नवऱ्याला, म्हणजे केवलरामला, लक्ष ठेवायला सांगून चार दिवस माहेरी गेली. केवलराम देवमाणूस. पण जन्म धानात गेलेला, पिकाचे पाय पाण्यात असले म्हणजे पीक सुखी, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं बांधी भरून टाकली. रोपांनी माना टाकल्या. बिचाऱ्याला वाटलं तहानली, म्हणून त्यानं आणखी पाणी सोडलं. शामकलाबाई परत आली तेव्हा बांधीत बेडकं ओरडत होती.

"तुमी तिले धान समजले जी," एवढंच ती म्हणाली. पण मला तिचा चेहरा दिसत होता, आणि मला वाटलं, झालं, आता ही थंड होणार. मी चुकले.

पुढच्या साली तिनं रस्त्याकडची उंच बांधी घेतली. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान आधी कापलं, मातीचे उंच गादीवाफे ओढले, मधून पाणी निघून जायला सऱ्या काढल्या आणि रोपांच्या बुडाशी तणीस पसरली. तणीस म्हणजे धानाचा पेंढा, आमच्याकडे त्याला तोटा नाही. रोपांना पहिली कळी आली तशी ती खुडत निघाली. नळावरच्या बाया हळहळल्या. पहिलं फूल कुणी खुडतं का? पहिलं फळ देवाचं असतं.

"एवढ्याशा पोरीले पोर कायले पायजे?" शामकलाबाई म्हणाली. "आधी अंगानं भरू द्या तिले. देवाले मंग टोपलंभर देईन."

त्यावर दोघी-तिघींनी खाली पाहिलं. आमच्यातल्या पुष्कळजणींची लग्नं कोणत्या वयात झाली ते आम्हालाच माहीत.

इथवर गावानं चालवून घेतलं. पण मग तिनं बाभळीच्या काट्या, बांबू आणि जुनी लुगडी लावून बांधीला कुंपण घातलं, आणि गावाचं डोकं फिरलं. धान निघाल्यावर कुंपण म्हणजे गावाच्या तोंडावर दार लावणं. सगळ्यांत जास्त भडकले उदारामजी. ढोरं जमतात त्या आखरावर त्यांचा शब्द चालतो. आणि नेमके तेच शामकलाबाईचे भासरे, केवलरामचे थोरले भाऊ. आमच्यात धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. पदर पुढे ओढायचा आणि काय सांगायचं ते दुसऱ्याला सांगायचं, त्यांना ऐकू जाईल असं. लग्न झाल्यापासून शामकलाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती, तेही तिच्याशी नव्हते.

एका दुपारी उदारामजींची गाय, चांदी, कुंपण मोडून आत शिरली आणि एक अख्खी ओळ खाऊन गेली. गेली म्हणजे कुठे, शामकलाबाईनं तिला धरून आणून आपल्या अंगणातल्या निंबाला बांधलं. पुढ्यात पाणी ठेवलं, तणीस टाकली.

दिवस कलताना उदारामजी आले. त्यांना लांबून पाहून केवलराम लोटा घेऊन तळ्याकडे निघून गेला. अंगणात तिसरं माणूस नाही. मी भिंतीआड वाकले होते, ते हिशेबात धरू नका.

शामकलाबाईनं पदर ओढला आणि गायीकडे तोंड केलं. "चांदीबाई, तुह्या मालकाले सांग, घरधनी घरी नाईत."

उदारामजी निंबाकडे पाहून म्हणाले, "गाय सोडा म्हणावं. गावची रीत आहे. गोमातेले बांधून ठेवणं पाप होय."

"चांदीबाई, त्याइले सांग, रीत धसकटाची होय. उभ्या पिकाची नोहोय."

"पीक कायचं? भाजीच तं होय. दोन बाजार टिकत नाई. मंग आखरावर फेकाची नि ढोराइनंच खाची. तं आधीच खाऊ द्या!"

हे लागलं, कारण खोटं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात गावातल्याच नंदलालचे टमाटर असेच आखरावर ओतले गेले होते. शामकलाबाईनं चांदीच्या कपाळावर हात ठेवला.

"सांग चांदीबाई, माही एक टोपली जरी आखरावर दिसली तं मीच कुंपण उपटीन, नि पुन्हा मिरचीचं नाव काढणार नाई. नाई दिसली, तं तुह्या मालकानं आपली ढोरं बांधाची."

उदारामजींनी दोर सोडला आणि गायीला घेऊन गेले. मला हसू आवरेना, पण पैज साधी नव्हती. सडक्या मिरचीच्या एका टोपलीवर तिनं सगळं लावलं होतं.

मिरची भरात आली. दव सुकल्यावर ती कात्रीनं देठासकट तोडायची. धुवायची नाही, ढीग करायची नाही. तडकलेली, डागाची वेगळी काढायची आणि ती माझ्या घरी यायची. त्या हिवाळ्यात आम्ही एवढी सिमला मिरची खाल्ली की माझा नवरा ताटावर बसायच्या आधीच विचारायचा, आज तरी दुसरं काही आहे का?

गोंदियाच्या बाजारात व्यापाऱ्यानं माल पाहिला, पडका भाव सांगितला आणि वाट पाहत बसला. "शाम तक यहीं पटक के जाओगी, बाई," तो म्हणाला. सगळे तसंच करतात, कारण परत नेलेला माल सडतो. शामकलाबाईनं टोपल्या उचलल्या आणि ऑटोत घालून घरी आणल्या. भरल्या टोपल्या परत आलेल्या गावानं पाहिल्या. दुसऱ्या सकाळी उदारामजी फिरायला म्हणून आखरावर गेले. त्याच्या पुढच्या सकाळीही गेले.

आखरावर काही नव्हतं. घरामागे सावलीत तिनं विटांचं एक टाकं बांधून ठेवलं होतं. दुहेरी भिंती, मध्ये रेती, वरून ओल्या पोत्याचं झाकण. ती रेती ओली राहिली की आत थंडावा राहतो आणि मिरची सुरकुतत नाही. रेती ओली ठेवायचं काम केवलरामकडे.

"तुमाले पाणी द्याची हौस आहे ना जी? हे घ्या," ती म्हणाली. "कितीबी द्या."

पुढच्या बाजाराला तोच माल घेऊन ती त्याच व्यापाऱ्यापुढे बसली. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "आज का तोड़ा है?"

"मागच्या बाजाराचाच होय. दाबू नोको. घ्याचा तं घे." त्यानं घेतला.

शिवरात्र आली तरी आखरावर मिरची पडली नाही. चांदी मात्र उदारामजींच्या दारात बांधलेली दिसू लागली. पाय दुखते म्हणून बांधली, असं ते सांगत. चांगली तुरुतुरु चालत होती.

यंदा दसऱ्याच्या सुमारास उदारामजी पुन्हा शामकलाबाईच्या अंगणात आले. केवलराम घरीच होता, तरी चांदीचा दोर त्यांच्या हातात. गाय कशाला आणली ते माझ्या लक्षात आलं आणि मी भिंतीवर सरळ कोपरं टेकली.

"चांदी," ते म्हणाले, "विचार बरं, मिरचीची रोपं उरली का? दोन बांध्याइपुरती."

शामकलाबाई ओट्यावरून खाली उतरली. या वेळी तिनं पदर ओढला नाही.

"दादा, गायीले कायले तरास देता? मी उभी आहो ना."

केवलरामच्या हातातला लोटा खाली पडला.

"रोपं आहेत," ती म्हणाली. "पण पयले आखरावर समद्याइसमोर सांगा, औंदा धान निघाल्यावर ढोरं सुटणार नाईत. तुमचीच नाई, साऱ्या गावाची. मंग न्या."

उदारामजी गायीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "नाई सांगितलं तं?"

"तं तुमची मिरची तुमचीच चांदी खाईल. मी पाहत राहीन."

उदारामजींनी दोर मनगटाला गुंडाळला आणि गायीला घेऊन घराकडे न वळता आखराच्या वाटेला लागले.