फरकाचा पेपर

या, असं दारात उभं राहू नका, जवळ येऊन बसा. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेवा. म्हातारं माणूस बोलायला लागलं की तुमचा हात खिशाकडे जातो, हे काही बरं नाही. आता सांगते तो माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या नणंदेचे जावई. जगात जे जसंच्या तसं चाललंय त्याच्याशी या गृहस्थांचं काडीचं देणंघेणं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून त्यांनी कधी मान वर केली नसेल. पश्चिमेला उगवला असता तर खुर्ची टाकून बसले असते.

सावेडीत ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. कंपनी पुण्याची, काम घरून. माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला ते काम समजावलं ते असं : मोठमोठ्या कंपन्यांची माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये साठवतात, ते सांभाळायचं. ते सांभाळता येतं याची एक परीक्षा असते, तिचं सर्टिफिकेट मिळतं. पण सॉफ्टवेअर म्हणजे काही पाटा-वरवंटा नव्हे. त्याची सारखी नवी आवृत्ती निघते, आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट टांगल्या जागी शिळं होतं. मग पुन्हा परीक्षा. मात्र ज्याच्याकडे लगेच आधीच्या आवृत्तीचं सर्टिफिकेट आहे त्याला सगळं विचारत नाहीत. जुन्यात आणि नव्यात काय बदललं तेवढंच विचारतात. जावईबापू त्याला फरकाचा पेपर म्हणत. असे पेपर देता देता त्यांचे अर्धे केस गेले. नवं सर्टिफिकेट ते जुन्याच्या पुढे त्याच चौकटीत सरकवत, त्यामुळे ती चौकट दिवस गेलेल्या बाईसारखी पुढे आली होती.

आणि ती सवय त्यांच्या अंगात अशी मुरली की विचारू नका. माझ्याकडे आले की चप्पल काढता काढता विचारायचे, ‘मामी, मागच्या वेळेपासून फरक काय?’ मी गुडघ्याचं सांगायला लागले की हात वर करायचे. गुडघा मागच्या वेळी झाला, पुढचं सांगा. सत्यनारायणाला बसले तेव्हा गुरुजींना त्यांनी आधीच विचारून ठेवलं, की गेल्या वर्षीपेक्षा कथेत काही बदल असेल तर तेवढाच सांगता का. गुरुजी वयस्कर, शांत. म्हणाले, ‘कथेत नाही हो. यजमान तेवढे बदलतात.’

बेलापूरला त्यांच्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं तेव्हा तर कहर केला. कार्यालय तेच, आचारी तोच, म्हणून हे पानावर बसले आणि थोरलीच्या लग्नात नव्हती अशी एकच कोशिंबीर वाढून घेतली. बाकीची चव माहीत आहे म्हणाले. इकडे नणंदबाई पंगत सोडून धावल्या. भरल्या मांडवात जावई नुसती कोशिंबीर खातोय म्हणजे रुसला, दुसरं काय? मानपानात काय चुकलं म्हणून बायकांची कुजबुज सुरू झाली, चुलते-मामे समजूत काढायला आले, कुणी नवी टॉवेल-टोपी आणली. जावईबापू कोशिंबीर चाखत म्हणाले, दाण्याचं कूट जास्त झालंय. नणंदबाई पुढे महिनाभर दाण्याच्या कुटाला हात लावत नव्हत्या.

भाचीशी भांडण झालं तरी तेच. हे मागच्या महिन्यातलंच आहे, यात नवीन काय, असं विचारायचे. ती एकदा म्हणाली, ‘फरक एवढाच, की तेव्हा राग आला होता. आता कंटाळा आलाय.’ त्यावर ते बाजारात जाऊन मुकाट्याने भाजी घेऊन आले.

मग त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वडील पाथर्डीकडच्या गावात एकटे. जावईबापू सुट्टी घेऊन तिकडे गेले आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिले. तिथे फोनला रेंज येईना, मग सॉफ्टवेअरचं कुठलं! तेवढ्यात एक आवृत्ती आली आणि गेली. वडिलांना घेऊन ते सावेडीला परतले तेव्हा तिच्याही पुढची आलेली. मधली पायरी सुटली, म्हणून फरकाचा पेपर मिळेना. नियमच तसा. आता पहिल्यापासून सगळी परीक्षा द्या. कंपनीने सांगितलं, पास झालात तर घरून काम चालू ठेवा, नाहीतर पुण्यात ऑफिसला येऊन बसा.

म्हातारबा तेव्हा कुठे काठी टेकत फाटकापर्यंत जायला लागले होते. पुण्याचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. तिथे बघून ठेवलेला फ्लॅट फार वरच्या मजल्यावर, हे त्यांना कळलं होतं. म्हणायचे, ‘मी न्हाई येनार. माझा जलम काय त्या लिफ्टात काढू व्हय?’

परीक्षा घरातच होती, पण कॅमेऱ्यापुढे. खोलीत चिटपाखरू चालत नाही, आवाज चालत नाही. म्हातारबा दाराबाहेर खुर्ची टाकून काठी आडवी धरून बसले. दूधवाल्याला त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलं. मी नुसती डोकावले तर मला म्हणाले, ‘आत पेपर चालूय, बाई. शिकायचं... न्हवं, शिंकायचं आसंल तर खाली जावा.’ मी खरंच खाली गेले.

निकाल तिथल्या तिथेच कळतो. वर आले तर जावईबापू दारात उभे होते. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, ‘नवीन सगळं बरोबर आलं, मामी. जुन्यात गेलो.’

भाचीने पाणी आणलं, ते हातातच राहिलं. म्हातारबा काठीवर जोर देऊन उठले, आत गेले आणि दोरीवरचं आपलं धोतर काढून घड्या घालायला लागले. एका हाताने नीट जमत नव्हतं. म्हणाले, ‘चला मंग. लिफ्ट तर लिफ्ट.’

आठवडाभरात टेम्पो आला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. भाचीचा फोन येतो अधूनमधून. जावईबापूंनी पुस्तक पहिल्या पानापासून धरलंय म्हणे. रोज संध्याकाळी एकेक धडा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवतात, मराठीत उलगडून सांगतात. म्हातारबा ऐकतात, अडलं तर काठी आपटतात, की मागं जा. परवा म्हणाले, ‘आरं, सोपं हाय की ह्ये. आदीच का न्हाई शिकला?’ त्यावर दोघे बापलेक पुष्कळ हसले. भाची म्हणाली, मामी, यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी फोन ठेवला आणि उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले.

परीक्षा पुन्हा आहे म्हणतात. जावईबापू, तुमच्या कानावर हे पडलं तर एवढंच सांगणं आहे, पास व्हा नाहीतर नापास व्हा, त्यातलं मला काही कळत नाही. हुलग्याचे शेंगोळे करीन, म्हातारबांना आवडतात. दोघांना घेऊन दिवाळीच्या आधीच या, शेंगोळे थंडीतले म्हणून थंडी पडायची वाट बघू नका.