बैलचोराचा दाखला

तहसीलदार साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, दाखला हातात ठेवला आणि मार्गारेटबाई रडायला लागल्या.

साहेबांना वाटलं, आनंदाश्रू आहेत. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बघा पाईकराव, पूर्वज निर्दोष निघाला की माणसाचं मन कसं भरून येतं.”

दाखल्याचा मजकूर मीच टाइप करून घेतला होता. ‘सदर इसमाने चोरी केल्याबाबत या कार्यालयाच्या अभिलेखात कोणतीही नोंद आढळून येत नाही.’ जब्बार मास्तरांनी तो बाईंना इंग्रजीत वाचून दाखवला होता. जब्बार मास्तर म्हणजे उर्दू शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. उर्दू, फारसी, इंग्रजी, तिन्ही वाचायचे. जुने कागद निघाले की आम्ही त्यांनाच बोलवायचो. बाई डोळे पुसत त्यांना काहीतरी म्हणाल्या. मास्तर माझ्याकडं वळले.

“पाईकरावसाब, ये खुशी के आंसू नहीं. बाई म्हणतात, एवढ्या लांबून आले आणि तुम्ही माझ्या घराण्याची अब्रू घालवली.”

मी तेव्हा हिंगोली तहसीलला रेकॉर्डकीपर होतो. रेकॉर्डकीपर म्हणजे जुने कागद सांभाळणारा आणि मागेल त्याला नक्कल देणारा. नक्कल म्हणजे शिक्क्याची अधिकृत कॉपी. हिंगोली नुकतीच परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली होती. निम्मं रेकॉर्ड परभणीला, काही ट्रकमधून येऊन पॅसेजमध्ये पडलेलं, आणि अगदी जुनं आमच्याच मागच्या खोलीत बस्त्यांमध्ये बांधलेलं. बस्ता म्हणजे कापडाचं गाठोडं. त्या गाठोड्यांच्या गाठी मी नोकरीला लागल्यापासून कुणी सोडलेल्या नव्हत्या.

मार्गारेटबाई ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावच्या. वय सत्तरच्या पुढं, रिटायर्ड नर्स. नांदेडहून भाड्याची जीप करून एकट्या आल्या होत्या. त्यांचं काम मला समजायला पूर्ण एक दिवस गेला.

इंग्लंडचं सरकार पूर्वी कैद्यांना बोटीत घालून ऑस्ट्रेलियात नेऊन सोडायचं. आपल्याकडं काळं पाणी म्हणायचे, तसलाच प्रकार. हिंदुस्थानातल्या फौजेतल्या गोऱ्यांनाही कधीकधी ती शिक्षा व्हायची. हिंगोलीत तेव्हा छावणी होती. बाईंच्या खापरपणज्याचं नाव थॉमस पर्किन. तो इंग्लंडमध्ये जन्मला, इथल्या छावणीत तोफखान्यात सार्जंट होता आणि इथंच त्यानं एक बैल चोरला, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अभिमानानं सांगत आले होते.

अभिमानानं, हे मी मास्तरांना दोनदा विचारून घेतलं.

“बराबर आहे,” मास्तर म्हणाले. “तिकडं कैद्याच्या वंशात जन्म म्हणजे जुनं खानदान. बाईंच्या गावात अशा वंशजांचं मंडळ आहे. बाई त्याच्या अध्यक्ष आहेत.”

अडचण अशी होती की बोटीच्या यादीत थॉमस पर्किन नावाचे दोन गोरे होते. एक बेड्या घातलेला कैदी. दुसरा त्याच कैद्यांवर पहारा करणारा शिपाई. बाईंच्या चुलतभावानं मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं, की आपण कैद्याचे नाही, पहारेकऱ्याचे वंशज आहोत. तसं ठरलं असतं तर बाईंना अध्यक्षपद सोडावं लागलं असतं. खूण एकच होती. खापरपणज्याचा म्हातारपणीचा एक फोटो त्यांच्याजवळ होता. खुर्चीत बसलेला दाढीवाला माणूस, डाव्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. ती बोटं हिंदुस्थानात गेली एवढं घरात माहीत होतं. बैलचोराचीच बोटं गेली असं कुठं लिहिलेलं सापडलं, तर प्रश्न मिटत होता.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं होतं. साहेब पुण्याकडचे, स्वभावानं भले.

“पाईकराव, परदेशी पाहुण्या आहेत. नव्या जिल्ह्याचं नाव खराब होता कामा नये. पूर्वजाला निर्दोष करून टाका.”

“साहेब, त्यांना निर्दोष नको आहे.”

“संकोचानं तसं म्हणत असतील. चोराची नात आहे असं लिहून द्या, असं कोण मागेल?”

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमचं इंग्रजी कच्चं आहे.

म्हणून तो दाखला निघाला. आणि खरं सांगायचं तर मी शोधलंच नव्हतं. ‘आढळून येत नाही’ हे वाक्य न शोधता लिहिता येतं, म्हणून ते आम्हा लोकांना फार आवडतं. पण सत्तरी ओलांडलेली बाई अंगावर शाल घेऊन आपल्या टेबलासमोर रडतेय हे मला बघवेना. साहेब दुसऱ्या दिवशी मीटिंगसाठी औरंगाबादला जाणार होते. मी मास्तरांना म्हणालो, “तीन दिवस आहेत. बस्ते सोडू.”

आम्ही तोंडाला रुमाल बांधून बसलो. मी गाठी सोडायचो, मास्तर भिंग लावून वाचायचे. कागद पापडासारखे मोडायचे. बाई स्वतःहून धूळ झटकायला बसल्या. वाळवीनं खाल्लेलं त्या चिमट्यानं इतक्या नाजूक हातानं बाजूला करायच्या, की जखमच साफ करतायत असं वाटावं. दोन दिवस शेतसारा, विहिरी, बांधांची भांडणं एवढंच निघालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर वाचता वाचता थांबले. आलेल्या कागदांची नोंद ठेवायची जुनी वही होती. तिच्यात फारसीत एकच ओळ होती.

“हरजी नाईक बंजारा याची तक्रार. छावणीच्या गोऱ्यानं लाल बैल नेला. कागद छावणीकडं रवाना.”

बाईंनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, नाव कुठं आहे? बोटं कुठं आहेत?

ते नव्हतं. पण मला हरजी नाईक हे नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. बंजारा समाजाचे लोक पूर्वी बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवायचे. पुढं ते जिथं स्थिरावले तिथं तांडे झाले, आणि तांड्याला बहुतेक पहिल्या नाईकाचं, म्हणजे प्रमुखाचं नाव पडलं. रेकॉर्डला येण्याआधी मी तलाठी होतो. नरसीच्या पुढं आतल्या बाजूला हरजी नाईक तांडा होता. गारपिटीचे पंचनामे करायला मी तिथं गेलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बाईंच्या जीपनं तिथं गेलो. तांड्याचे आताचे प्रमुख थावरा नाईक लिंबाखाली बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, नजर साफ. विषय कसा काढावा ते मला कळेना.

“नाईक, एका चोरीबद्दल आलोय.”

त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. “आमच्या पोरायनं काही केलं न्हाई.”

“तसं नाही. तुमच्याकडं झालेली चोरी. बैलाची. इंग्रजांच्या वेळची.”

नाईक म्हणाले, “लाल्याची? लई उशीर केला तुमी.”

मास्तरांनी बाईंना सांगितलं. बाई मिळेल त्या बाजेवर बसल्या.

नाईकांनी जे सांगितलं ते त्यांना त्यांच्या आज्यानं सांगितलेलं. तांडा छावणीजवळ उतरला होता. भर दुपारी सगळे आडवे झालेले असताना एका गोऱ्यानं लाल्या सोडला आणि बाजाराकडं घेऊन निघाला. बैल दांडगा, सुटून जाऊ नये म्हणून त्यानं कासरा डाव्या हाताला गुंडाळला. इतक्यात हरजी नाईकाला जाग आली. त्यानं दावण रिकामी बघितली आणि नेहमीची हाक मारली.

“लाल्यानं हाक ऐकली अन् फिरला. गोरा खेचतो हिकडं, बैल पळतो तिकडं. फरफटत आणला त्याला तांड्यात. दोन बोटं कासऱ्यातच राहिली. लोक चोर धरून आणतात, आमच्या बैलानं आणला.”

बाईंनी पर्समधून फोटो काढला. नाईकांनी फोटो लांब धरला आणि बोटं मोजली.

“तीन. डावा हात. बराबर.”

बाईंनी नाईकांचे दोन्ही हात धरले आणि हसत हसत रडायला लागल्या. नाईक मला म्हणाले, “ही काहून रडून राहिली? बैल मागायला आली का?”

मी सांगितलं, की आपला माणूस चोर होता हे कागदावर लिहून हवंय म्हणून बाई समुद्रापलीकडून आल्या आहेत. बायका-पोरं ऐकायला जमली होती.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “निजामाच्या राज्यात आमच्या तांड्याची पोलिसात हजेरी लागायची. कुठं चोरी झाली का पयले आमचे माणसं नेऊन बसवायचे. माझा बाप हजेरीला जायचा, म्या लेकरू असताना पायलंय. कागदावर चोर म्हणून आमचं नाव सतरा जागी हाये. आमच्या घरी चोरी झाली, असं एकदाबी न्हाई. लिवा. मी सही करतो.”

माझ्या आजोबांचं नाव मला त्याच रेकॉर्डरूममध्ये वेठीला धरलेल्यांच्या यादीत सापडलं होतं. मी पिशवीतून कागद काढला आणि पंचनामा सुरू केला.

गारपिटीचा पंचनामा डोळे मिटून करता येतो. हा जरा अवघड गेला. फिर्यादी: हरजी नाईक, मयत. आरोपी: थॉमस पर्किन, मयत. मुद्देमाल: एक लाल बैल, जागीच परत मिळाला, नंतर वार्धक्यानं मयत. घटनास्थळ हिंगोलीच्या जुन्या छावणीजवळचं, तिथं नाईकांनी स्वतः जीपमधून नेलं. तिथं आता सोयाबीन होतं. पाच पंचांनी सह्या-अंगठे केले. आरोपीचे वारस या रकान्यात बाईंनी सही केली आणि मास्तरांकडून खाली एक ओळ लिहून घेतली: गुन्हा कबूल.

सोमवारी साहेब परत आले. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला.

“पाईकराव, मी गेल्या आठवड्यात सही करून दिलंय की नोंद नाही. आता हे पुढं पाठवू?”

“साहेब, आता नोंद आहे. मूळ वही टेबलावर ठेवलीय.”

“मग निदान चोरी शब्द काढा. विनापरवाना बैल नेला असं करा.”

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. थावरा नाईक पटका बांधून, काठी घेऊन एसटीनं आले होते. बरोबर मार्गारेटबाई आणि मास्तर.

“परवाना कुणाचा असतो बैल न्यायला?” नाईक म्हणाले. “चोरी लिवा.”

मास्तरांनी बाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि साहेबांकडं बघून हळू, स्पष्ट इंग्रजीत एकच शब्द उच्चारला. त्याचा अर्थ चोरी हाच होता. मास्तरांना भाषांतर करावं लागलं नाही.

साहेब खुर्चीत मागं टेकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत वादी-प्रतिवादी एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला असं प्रकरण त्यांच्याकडं आलं नव्हतं. त्यांनी नाईकांना बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, “नाईक, तुम्हाला हे कशाला हवंय? बैल तर परत आला होता.”

“बैल परत आला, साहेब. तक्रार न्हाई आली.”

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी पेन उघडलं. पहिला दाखला रद्द केला, वहीतली नोंद आणि पंचनामा एकत्र जोडले आणि खाली सही केली. चोरी हा शब्द राहिला. मी दोन नकला काढल्या. एक बाईंना, एक नाईकांना. नाईकांनी आपली नक्कल घडी न घालता छातीशी धरून नेली. बाईंनी फोटोची कॉपी स्टेशन रोडच्या स्टुडिओतून काढून त्यांना दिली. ती पुढं तांड्यात एका घरात लागली. फोटोतला माणूस कोण, असं कुणी विचारलं की घरातली पोरं सांगतात, आमचा चोर.

काही महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. चुलतभावानं सभेत सगळ्यांसमोर माघार घेतली होती. आता तोही मंडळाच्या कमिटीत आला होता आणि मीच पहिल्यापासून कैद्याचा वंशज, असं सांगत फिरत होता.

आमच्याकडं मात्र पुढच्या इन्स्पेक्शनमध्ये आक्षेप निघाला. तपासणी अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, ‘आरोपीस म्हणणे मांडण्याची संधी का देण्यात आली नाही, याचा खुलासा करावा.’ मी खुलासा पाठवला: आरोपी मयत आहे, वारसांनी गुन्हा मान्य केला आहे, आणि मान्य करण्यासाठी त्या स्वखर्चानं ऑस्ट्रेलियाहून आल्या होत्या. त्यावर उत्तर आलं नाही. फाईल बंद झाली असं मी समजतो.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एक नियम पाळला. अर्ज घेऊन कुणी आलं की आधी त्याला बसवायचो आणि विचारायचो, कागदावर काय निघायला पाहिजे असं तुम्हाला वाटतं? निम्म्या वेळा उत्तर माझ्या अंदाजाच्या उलट निघायचं. उरलेल्या निम्म्या वेळा त्यालाही माहीत नसायचं, आणि मग दोघांनी मिळून शोधायला बरं पडायचं.