एकशे नव्वद पौंड

हार्वी लोवेनचं वजन एकशे नव्वद पौंड होतं. निदान त्याच्या म्हणण्याप्रमाणे तरी होतं, आणि एकोणीसशे एक्क्याण्णव सालापासून त्यात एका पौंडाचाही फरक पडलेला नव्हता. त्या साली त्याला विमान चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर तोच आकडा लिहिला होता. ते डॉक्टर पुढे निवृत्त झाले. नवे डॉक्टर "वजन तेच ना?" असं विचारत, हार्वी "तेच" म्हणे, आणि दोघांचाही वेळ वाचे. मधल्या काळात त्याच्या विजारी मात्र दर दोन वर्षांनी आक्रसत गेल्या. त्याचा दोष तो धुलाईच्या पावडरीला देत असे.

हा माणूस एरवी खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. एकतीस वर्षं त्याने फ्रेझर नदीच्या खोऱ्यात दुधाचा टँकर चालवला. हमरस्त्यावरच्या काट्यावर त्याची गाडी रोज तोलली जायची, आणि एकतीस वर्षांत ती एकदाही नियमापेक्षा जड भरली नाही. दुसऱ्यांच्या गाड्या जड भरल्या की तो महिनाभर त्यावर बोलायचा. निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पैशातून त्याने एक जुनं चार आसनी विमान घेतलं. बायको एर्ना म्हणाली, "माणसं म्हातारपणी कुत्रा पाळतात." चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून हार्वीचा मुक्काम मार्टेलच्या धावपट्टीवरच असे. तिथे एक उपाहारगृह होतं, आणि तिथला सफरचंदाचा केक बरा असे. विमान आठवड्यातून एकदा उडे, केक मात्र रोज होई.

नोव्हेंबरात पूर आला. चार दिवस पाऊस थांबला नाही. डोंगरातले रस्ते दरीत गेले, पूल समुद्राच्या दिशेने गेले, आणि वरच्या अंगाची सात-आठ गावं जगापासून तुटली. सरकारने परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवलं. लक्ष ठेवायला रस्ता लागत नाही. मंत्र्यांनी हेलिकॉप्टरमधून पाहणी केली आणि पाणी बरंच आहे असा निष्कर्ष काढला.

मग मार्टेलचे म्हातारे पुढे सरसावले. स्वतःचं विमान, स्वतःचं पेट्रोल, आणि ऐंशी पौंड बटाटे मागच्या सीटवर. लोकांनीही सढळ हाताने मदत पाठवली. पाण्यात बुडालेल्या माणसांना पाण्याच्या बाटल्या आल्या. उंच टाचांचे बूट आले. लग्नातला एक पांढरा झगा आला, त्यावर 'एकदाच वापरलेला' अशी चिठ्ठी होती. कुणीतरी बर्फावर घसरायचा एकच बूट पाठवला. खरोखर खाता येईल असं जेवण गुरुद्वारातून आलं, तेवढं मात्र तासाभरात रवाना झालं.

या सगळ्या पसाऱ्याची मालकीण नोरीन टोव्ज. शाळेच्या बसगाड्या कुठून कुठे जातील हे तिने पंचवीस वर्षं ठरवलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्या पायलटांना ओळीत उभं करणं तिला जड गेलं नाही. एका गोठ्यातून तिने वासरं तोलायचा काटा आणून हँगरच्या दारात मांडला. विमानात चढणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढायची. पायलट तेवढा चढायचा नाही. पायलटला वजन विचारायचं, तोलायचं नाही, हा तिथला शिष्टाचार होता. बाप्तिस्मा झाला का असं विचारावं तसं ते विचारायचं, आणि उत्तर तसंच लिहून घ्यायचं.

"हार्वी?"

"एकशे नव्वद."

नोरीन त्याच्याकडे एकदा वरून खाली बघे आणि लिही.

पहिले तीन दिवस त्यामुळे काही बिघडलं नाही. ज्या गावांना तो गेला त्यांच्या धावपट्ट्या ऐसपैस होत्या. त्याचं विमान प्रीतम गिलच्या विमानापेक्षा शंभर पावलं उशिरा जमीन सोडतं, हे सगळ्यांना दिसत होतं. दोन्ही विमानं एकाच बनावटीची, सामानही तेवढंच. हार्वी म्हणे, डांबर ओलं आहे. प्रीतमसाठी ते बहुधा वाळत असावं.

हा प्रीतम ब्लूबेरीची शेती करायचा. वय एकोणसाठ, अंगकाठी पगडी धरून एकशे एकतीस पौंड. विमान चालवायला शिकून त्याला सहाच वर्षं झाली होती, म्हणून हार्वी त्याला 'नवशिक्या' म्हणायचा. प्रीतम आपल्या शेतातल्या चिंचोळ्या गवतावर रोज उतरायचा. हार्वीच्या मते ही उतरण्याची पद्धत नव्हती, डांबर परवडत नसल्याची खूण होती.

चौथ्या दिवशी, बुधवारी सकाळी, कॉपर बेंडहून फोन आला. त्या गावात एकच उपग्रह फोन चालू होता, तो अग्निशमन केंद्रात. फोनवर हार्वीची थोरली बहीण अ‍ॅगथा होती. वय चौऱ्याहत्तर, मूत्रपिंडं दोन्ही निकामी. रोज झोपताना ती स्वतःला घरच्या यंत्राला जोडून घ्यायची, ते यंत्र पोटात औषधी पाणी सोडून रक्त साफ करायचं. पुरात वीज गेल्यापासून त्या एका यंत्रापुरता जनरेटर चाले. त्या पाण्याचं रोज एक खोकं लागे. महिन्याचा ट्रक आलाच नव्हता.

"शुक्रवारपर्यंत पुरेल," ती म्हणाली. "पुढे माझं रक्त आणि ही नदी, फरक उरायचा नाही. पण तू घाई करू नकोस. आधी तुझा केक संपव."

"हेलिकॉप्टरवाल्यांना सांगितलंस का?"

"सांगितलं ना. यादीत माझा नंबर त्रेचाळीसावा आहे. मी अजून आजारी पडले नाही, म्हणून मागे आहे. आजारी पडले की लगेच वर घेतो म्हणाले."

"अ‍ॅगी, मी आणतो."

"तू? त्या पट्टीवर?" ती हसली. "अर्धी पट्टी नदीने नेलीय, जाड्या. उरलीय तेवढ्यावर आमची कोंबडीसुद्धा विचार करून उतरते."

कॉपर बेंडची पट्टी गवताची होती, आणि आता तिच्या शेवटाला कुंपण नव्हतं, नदी होती. नोरीनने गावातल्या माणसाकडून पावलं मोजून घेतली, किती वजनाला किती पट्टी लागते याची कोष्टकं काढली आणि फळ्यावर लिहिलं: पायलट धरून सहाशे पौंड, त्याच्यावर एक औंस नाही. हवामानखात्याने दुपारी तीनपर्यंत आकाश उघडं राहील असं सांगितलं. पुढे चार-पाच दिवस ढग. रस्ता व्हायला सरकारी हिशोबाने दोन आठवडे.

बारा वाजता औषधी पाण्याची चौदा खोकी आली. प्रत्येक खोकं अठ्ठावीस पौंड, म्हणजे सगळी मिळून तीनशे ब्याण्णव. चौदा दिवसांची चौदा.

"प्रीतमला पाठवूया का?" नोरीन म्हणाली. "त्याला गवताची सवय आहे."

"माझी बहीण आहे," हार्वी म्हणाला. "आणि मी तीस वर्षं उडतोय."

"मला चालेल, पाजी," प्रीतम म्हणाला. "तुमचं घरचं काम आहे. तुम्हीच जा."

"वजन?" नोरीनने पेन टेकवलं.

हार्वीने एक क्षण खोक्यांकडे पाहिलं.

"एकशे नव्वद."

"पाचशे ब्याऐंशी," नोरीन म्हणाली. "बसतंय."

आता हार्वीला आपलं खरं वजन माहीत नव्हतं असं नाही. स्नानघरात त्याचा एक काटा होता, तो त्याने गेल्या उन्हाळ्यात पलंगाखाली सारला होता. तेव्हाच काटा दोनशे चाळीसच्या आसपास रेंगाळत होता. म्हणून विमानात खोकी रचताना त्याने जमेल तेवढं ओझं गुपचूप कमी करायला सुरुवात केली. आधी हत्यारांची पेटी खाली उतरवली. मग थर्मास. मग नकाशांचं जाडजूड पुस्तक. मग मागची सीटच खोलून काढली.

"काय चाललंय?" नोरीनने विचारलं.

"विमान हलकं असलेलं बरं."

"सीट नाही असं धरूनच मी सहाशे काढलेत."

"असू दे. पेट्रोलही थोडं काढूया का?"

"काढ की. मग येताना अ‍ॅगथाकडूनच वल्ही घेऊन ये."

त्याने जाकीट काढून प्रीतमच्या हातात दिलं. नोव्हेंबरात, उघड्या धावपट्टीवर. प्रीतमने ते वजन केल्यासारखं हातात तोललं. जाकीट तीन पौंडांचं असावं. हार्वीला निदान बत्तीस हवे होते.

तेवढ्यात दूरचित्रवाणीवाले आले. एका चटपटीत बाईने त्याच्या खिडकीपाशी माइक धरला. "सर, बहिणीचा जीव वाचवायला तुम्ही स्वतः निघालात. एका वीराच्या मनात या क्षणी काय असतं?"

वीराच्या मनात या क्षणी बेरीज चालली होती. सहाशेतून सहाशे बत्तीस जात नाहीत, कुठूनही केली तरी.

"हवा चांगली आहे," तो म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं.

धावपट्टीच्या टोकाकडे विमान नेताना त्याने मनाशी सगळ्या वाटा करून पाहिल्या. दोन खोकी इथेच टाकावीत, कुणाला कळायचं नाही. पण दोन खोकी म्हणजे अ‍ॅगीचे दोन दिवस, आणि सरकारचे दोन आठवडे प्रत्यक्षात किती आठवड्यांचे असतात हे त्या खोऱ्यात कुणी सांगायची गरज नव्हती. किंवा चौदाही घेऊन जावं आणि जरा आधी टेकवावं. कोष्टकं भित्र्या माणसांनी केलेली असतात, दोन-चार पावलं इकडे तिकडे चालतं. एकतीस वर्षं त्याने हेच वाक्य दुसऱ्या टँकरवाल्यांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि प्रत्येकाला गाढव म्हटलं होतं.

मग त्याला चित्र दिसलं. विमान नदीत. खोकी प्लास्टिकची, ती तरंगत खाली जाणार. अ‍ॅगी काठावर उभी, आणि ती ओरडतेय, "सांगितलं होतं ना जाड्याला!" पुढे शुक्रवारनंतर तेही ओरडायला ती असणार नाही.

त्याने इंजिन बंद केलं.

कॅमेऱ्यासमोरून चालत तो हँगरपर्यंत आला. शंभरेक पावलं असतील. बाई माइक घेऊन मागे धावली. "सर, काही बिघाड?"

"हो," हार्वी म्हणाला. "बराच जुना आहे."

तो वासरांच्या काट्यावर चढला. फळी करकरली. काटा दोनशेच्या पुढे सरकला, थोडा दम खाऊन दोनशे एक्केचाळीसवर थांबला. हँगरमधले सगळे म्हातारे अचानक दाराबाहेर ढग शोधायला लागले. त्यातल्या निम्म्यांनी आपलेही आकडे तरुणपणीचेच दिले होते, त्यामुळे ढग शोधण्याचं काम फार मनापासून चाललं होतं.

"बूट धरून," नोरीन म्हणाली आणि तिने लिहिलं.

"बुटांना एवढं नसतं, नोरीन."

"मी सांगते ना, बूट धरून." मग ती वळली. "प्रीतम! चढ काट्यावर. आणि बाकीच्यांनी ओळ करा. हो, सगळ्यांनी. पोट आत ओढून उपयोग नाही, काट्याला कळतं."

खोकी हलवायला वीस मिनिटं लागली. चौदापैकी नऊ हार्वीने स्वतः उचलून प्रीतमच्या विमानात ठेवली. शेवटचं ठेवल्यावर म्हणाला, "पट्टीच्या सुरुवातीला एक चिनार आहे. त्याच्या डावीकडून उतर. पलीकडे वारा खाली दाबतो."

"बरं, पाजी."

"आणि ती जेवायला बसवेल. नाही म्हणू नकोस, मनाला लावून घेते."

प्रीतमचं विमान नेहमीप्रमाणे शंभर पावलं आधीच हवेत उठलं. या वेळी डांबराबद्दल कुणी काही बोललं नाही. पुढचे दीड-पावणेदोन तास हार्वी उपाहारगृहात बसला. तिथल्या मालकिणीने न विचारता केक आणून ठेवला. तो तसाच राहिला.

पावणेतीनला फोन वाजला. नोरीनने तो हार्वीकडे दिला.

"पोचला," अ‍ॅगथा म्हणाली. "चौदाच्या चौदा."

"पट्टी किती उरली पुढे?" हार्वीने विचारलं.

"मी स्वतः चालून बघितली. बावीस पावलं." तीही हार्वीचीच बहीण, तिलाही बेरीज येत होती. प्रीतमच्या जागी हार्वी असता तर त्या बावीस पावलांचं काय झालं असतं, हे दोघांनीही मनातल्या मनात करून पाहिलं.

"नोरीन सांगत होती तू काट्यावर चढलास," ती म्हणाली.

"हं."

"सगळ्यांदेखत?"

"दूरचित्रवाणीवर. सहाच्या बातम्यांत असेन."

"देवा! आणि आमच्याकडे वीज नाही!" हे तिने खरोखरच हळहळून म्हटलं. मग आवाज जरा खाली आला. "बरं केलंस, हार्वी." असं ती त्याला यापूर्वी कधी म्हणाली होती हे त्याला आठवेना, आणि दुसऱ्यांदा म्हणायची वेळ तिने येऊ दिली नाही. "ऐक, तुझ्या मित्राला निघता येत नाहीये. ढग खाली आलेत. चार दिवस तरी इथेच राहील. फार गुणी माणूस आहे. बटाट्याचं सूप दोनदा मागून घेतलं, आता लाकडं फोडतोय. तुला कधी सुचलं नाही."

"तो माझा मित्र नाही, तो नवशिक्या आहे."

"मग नवशिक्याच्या बायकोला जाऊन सांग. बलबीर नाव आहे तिचं. ती काळजीत असेल."

हे काम फोनवर होण्यासारखं होतं. हार्वी गाडी घेऊन गेला. बलबीर कौर दारातच उभी होती. नवरा सुखरूप आहे, चार दिवस सूप खाणार आहे, लाकडं फोडणार आहे, हे तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"घरी कधी फोडत नाही," ती म्हणाली. "बसा."

तिने पराठे वाढले. हार्वीने दोन खाल्ले. ती तिसरा घेऊन आली, तेव्हा टीव्हीवर सहाच्या बातम्या लागल्या होत्या, आणि पडद्यावर एक जाडा म्हातारा वासरांच्या काट्यावर चढत होता. बलबीरने पडद्याकडे पाहिलं, मग हार्वीकडे पाहिलं, आणि पराठा तसाच हातात धरून विचारात पडली.

"वाढा," हार्वी म्हणाला. "आता काय राहिलंय."