अर्धा स

माझ्या मोठ्या जाऊबाई जोडाक्षरांच्या बाई होत्या. वर्ग त्यांच्याकडे दुसरीचा, पण वाचताना अडणारं कुठलंही पोर शेवटी त्यांच्याच पुढ्यात येऊन पडायचं. त्यांची रीत अशी. एका मुलाने 'स' व्हायचं, दुसऱ्याने 'ता'. 'स' अर्धा, म्हणून त्याने एका पायावर उभं राहायचं आणि नुसता 'स्' धरून ठेवायचा. 'ता'ने भिंतीपासून चालत यायचं. खांद्याला खांदा लागला की दोघांनी मिळून म्हणायचं, "स्ता!" मध्येच 'स'चं तोंड उघडलं तर 'सता' व्हायचं, वर्ग खिदळायचा, आणि 'ता'ची वरात परत भिंतीकडे. मला हे पोरखेळ वाटायचे आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही. पण पोरं धडाधड वाचायला लागायची, त्याला काय करणार?

फळ्यापेक्षा माझ्या तोंडाकडे बघा, असं त्या मुलांना सांगायच्या. त्याच तोंडात एक दाढ तुटून टोकदार झाली होती आणि जिभेच्या कडेला घासायची. "तोंड आलंय, जाईल," असं म्हणत त्यांनी ते अंगावर काढलं. परीक्षा होऊ दे, मग सुट्टी लागू दे. दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी जिभेचा तुकडाच काढावा लागेल म्हणून सांगितलं. जिने जन्मात तंबाखूला हात लावला नाही, तिची जीभ. मला अजून संताप येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

जीव वाचला. जखम भरली. सुटी अक्षरं एकेक करत बरीचशी परत आली, जोडाक्षरं मात्र आली नाहीत. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना उरलेली जीभ अडायची आणि मध्येच एक 'अ' निसटायचा. रस्त्याचा रसता, पुस्तकाचं पुसतक. मग घरात त्यांनी शब्दच बदलून टाकले. रस्ता म्हणजे वाट, प्रश्न म्हणजे सवाल. "जाऊबाई, तुम्ही अगदी जुन्या नाटकातल्या राणीसारख्या बोलायला लागलात," असं मी चिडवायचे. त्या हसायच्या. नोकरी सोडा म्हटलं की मात्र चेहरा बदलायचा.

"वरग सोडला तर मी कोण गं?" त्या म्हणाल्या. 

त्या पुन्हा शाळेत जायला लागल्या. दुपारचं जेवण त्यांना पातळ करून द्यावं लागे, म्हणून मीही सोबत जायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. थोड्याच दिवसांत पालक तक्रार घेऊन आले. मुलं घरीही 'रसता', 'पुसतक' म्हणत होती. श्रुतलेखनात तर अख्ख्या वर्गाने तसंच लिहिलं होतं, हुशार काय नि ढ काय. लोक त्याला चूक म्हणाले. मी म्हणते, जे कानावर पडलं ते इमानाने लिहिलं, लेकरांचा काय दोष?

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. "एक नवीन बाई देते," त्या म्हणाल्या. "बोलायचं त्यांनी, शिकवायचं तुम्ही. जमलं तर वर्ग तुमचाच. नाही जमलं, तर मग तुम्ही वाचनालय सांभाळा."

नवीन बाई कोवळी होती, हातातला खडू घामाने ओला. जाऊबाईंनी दोन मुलं उभी केली, एक अर्धा, एक पुरा. खांद्याला खांदा लागला.

"रस्ता," नवीन बाई म्हणाली.

पुढच्या बाकावरची चिमुरडी म्हणाली, "असं नाही काही. रसता. आमच्या बाई असंच म्हणतात."

"रसता!" सगळा वर्ग ओरडला. नवीन बाईने पुन्हा सांगून पाहिलं, तर त्यांनी आवाज आणखी चढवला. पोरं आमच्या बाईंची बाजू घेऊन भांडत होती, आणि त्यातच त्यांचा वर्ग हातचा जात होता. नवीन बाई रडायच्या बेताला आली.

जाऊबाई पुढे झाल्या. "या बाईंचं बरोबर. माझं चूक."

"मग तुम्ही तसं का म्हणता?" चिमुरडीने विचारलं.

जाऊबाई तिच्यासमोर वाकल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. घरात आम्हाला कुणालाही त्यांनी ती जीभ कधी दाखवली नव्हती. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग बाकीची मुलं एकेक उठून आली, बघून गेली, निमूट जागेवर बसली. माझ्याच्याने तिकडे बघवेना.

"आता यांचं तोंड बघा," जाऊबाई म्हणाल्या.

"रस्ता," नवीन बाई म्हणाली.

"रस्ता," वर्ग म्हणाला. पहिल्या फटक्यात, सगळे एकदम, स्वच्छ. म्हणजे येत होतं त्यांना, केव्हापासूनच.

जाऊबाईंनी मान हलवली, "वरग आता यांचा," म्हणत पिशवी उचलली आणि मागे येऊन माझ्या शेजारी बसल्या. मला त्या पोरांचा भयंकर राग आला. मेल्यांनी निदान एकदा तरी अडखळायचं होतं.