हिरवा ठिपका

दुर्मिळ प्राण्यांच्या प्रजनन केंद्रात उंदरांची देखभाल करणाऱ्या उंदीरमामांची निवृत्ती दोनदा पुढे ढकलली गेली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच: पिंजऱ्यातली उंदरीण. तिच्या जातीचे जगात जेमतेम साठएक उरलेले. ती फक्त मामांच्या हातचं खायची. दुसऱ्याचा हात दिसला की अंगाचं मुटकुळं करून दोन-दोन दिवस उपाशी. म्हणून तिची जोडी जमेपर्यंत मामांची सुटका नाही, असं केंद्राच्या प्रमुख बाईंनी ठरवून टाकलेलं.

शेजारच्या खोलीत लिव्हरवर्टचे ट्रे. मातीला चिकटून पसरणारी चपटी हिरवी वनस्पती. तिच्या इवल्या वाट्यांत थेंब पडला की आतले कण उडतात आणि पडतील तिथं रुजतात. तिला पाणी घालणंही मामांकडेच. ते म्हणायचे, "ही नको म्हटलं तरी वाढते, आणि आमच्या राणीसाहेबांच्या पाया पडलं तरी ढिम्म."

दुसऱ्या दिवशी नर येणार होता. बायकोचा फोन आला.

"काय म्हणते माझी सवत?"

"उद्या तिचं लग्न."

"मग मी सामान बांधते. लेकीकडे किती वर्षं जायचंय आपल्याला. अहो, यंदा तरी शब्द पाळा."

फोन ठेवून मामा पाण्याची बाटली बदलायला वाकले, तर बाटलीखाली ओलाव्यात नखाएवढा हिरवा ठिपका. एका खोलीतून दुसरीत जाताना बूट बदलायचे असतात. गुडघे धरले म्हणून गेले काही आठवडे त्यांनी ते टाळलं होतं. पिंजऱ्यात बाहेरचं काही उगवलं, तर जनावर चाळीस दिवस एकटं ठेवायचं, हा नियम.

मामांनी ठिपका खरवडला. जागा लख्ख झाली. कुणाच्या बापाला कळलं नसतं. उंदरीण पुढं आली आणि त्यांचं नख हुंगायला लागली. नखात हिरवं होतंच. ते खाऊन तिला काय होईल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हात मागं घेऊन मामा थेट बाईंकडे गेले.

"बाई, पिंजऱ्यात लिव्हरवर्ट उगवलं. बूट मीच बदलले नव्हते."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चाळीस दिवस, मामा. म्हणजे तुमची सुटकाही तेवढीच लांबली."

"ठाऊक आहे."

मग घरी फोन. "सामान बांधलंस?"

"दोरीसुद्धा आवळली."

"सोड."

पलीकडे दोरी सुटल्याचा आवाज. मग बायको म्हणाली, "तिच्या पिंजऱ्याला निदान बाहेरून कडी आहे. तुम्ही बिनकडीचेच अडकलात."

मामा दारापाशी बसले, कण्हत बूट बदलले आणि आत गेले.