आबा, जेवला का तुमी?

आमच्या सिम्युलेशन लॅबमधला पेशंट घामाघूम होऊन पडला होता आणि सविता त्याच्याकडं नुसती बघत उभी होती. पेशंट म्हणजे माणसाएवढा बाहुला, मॅनिकिन. घाम म्हणजे मी बाटलीनं मारलेलं पाणी. त्याचा आवाजही माझाच; मी काचेपलीकडं माईक धरून बसते. खऱ्या माणसावर चुकण्याआधी नर्सिंगच्या मुलींनी इथं चुकून घ्यावं, एवढंच.

सविता वेल्ह्याकडची. इंजेक्शनला हात हलका, पण बाहुल्यासमोर तोंडाला कुलूप. त्यापायी एकदा नापास झालेली. आता नापास झाली तर कॉलेज सोडून घरी बसायचं, असं घरी ठरलेलं. आणि बाहेरून आलेल्या एक्झामिनर मॅडम माझ्या शेजारीच.

मी वैतागायचे तिच्यावर. अगं, बोल की त्याच्याशी! तर म्हणायची, पुस्तकातलं बोलायला जीभ वळत न्हाई. 'आपणास काय त्रास होत आहे?' असं आम्ही पाठ करून घ्यायचो. भोरच्या बाजारात असं कोण बोलतं म्हणा! शेवटी मी सांगून टाकलं, आबा समज त्यांना, घरी बोलतेस तशी बोल.

तरी आज गप्पच. मी माईकवर कण्हले, "पोरी, लई कसंनुसं व्हतंय गं. हातपाय गळाल्यात."

तिनं बाहुल्याचा हात हातात घेतला.

"आबा, जेवला का तुमी?"

पाहुणचार चाललाय का, असं एक्झामिनर मॅडमनी आठ्या घालून विचारलं. मला मात्र नाचावंसं वाटलं. केस डायबेटिसची होती. पेशंटनं इन्सुलिन घेतलं, खायचं राहिलं, साखर उतरली. तिच्याआधीच्या मुली बीपी बघत बसल्या. जेवणाचं एकीनंही विचारलं नव्हतं.

"न्हाई गं. सुई घेतली आन् तसाच उत्रोलीला भात काढाय गेलो."

मग काय! तिनं ग्लुकोमीटर काढला, मी स्क्रीनवर साखर खाली दाखवली. पेशंट शुद्धीवर आहे, गिळू शकतोय, याची खात्री करून तिनं साखरपाणी दिलं आणि डॉक्टरांना निरोप धाडला.

"घाबरू नका आबा, मी हाय हितं."

मॅडमनी आठ्या सोडल्या आणि तिला पास केलं. माझे डोळे भरले, ते मी माईकची वायर गुंडाळण्यात लपवले.

सविता आता खऱ्या वॉर्डात आहे. आमचा पहिला प्रश्न मी बदललाय. त्रास वगैरे नंतर, आधी जेवण. बाहुला रोज नाही म्हणतो आणि मुली रोज त्याला रागावतात.