उंच फ्रेट, जड हात

दाजी वालचंदनगरला फिटर आहेत आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या इंदापूरच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. त्यांनी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कोणाला उघडत नाही. त्यांच्याशी हात मिळवला की बोटे बराच वेळ दुखतात.

मध्यंतरी त्यांनी गिटारच्या मानेवरचे झिजलेले फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून जाड आणि उंच बसवून घेतले. उंच फ्रेटवर बोट लाकडाला टेकत नाही. तार हलकी दाबली की स्वर स्वच्छ येतो. जोरात दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. पहिल्याच तालमीत प्रत्येक कॉर्ड बेसूर झाली.

"दाजी, तार हाय ती, नटबोल्ट न्हाय," ऑर्केस्ट्राचा गायक म्हणाला. तो त्यांचा मेहुणा. "पळसदेवच्या जत्रंत असंच वाजलं, तर म्या दुसरा गिटारवाला बघतो."

"फ्रेट थोडे घासून घ्या," मी सुचवले.

"फ्रेट बरोबर हायती," ते म्हणाले. "हाताचं चुकतंय."

त्यांनी मानेमागचा डाव्या हाताचा अंगठा काढून घेतला आणि नुसत्या बोटांनी वाजवू लागले. अंगठ्याचा आधार नसला की आवळताच येत नाही. जत्रेपर्यंत प्रत्येक तालमीची सुरुवात त्यांनी अशीच केली.

पळसदेवला एकही सूर चढला नाही. मेहुण्याने माइकवरून दाजींचे नाव दोनदा घेतले. कार्यक्रम संपल्यावर ते हसत माझ्याकडे आले आणि हात पुढे केला. सुधारला होता तो डावा. पुढे आला होता तो उजवा. मी लांबूनच नमस्कार केला.